प्रक्रिया-संकेत

प्रक्रिया-संकेत : संगणकाच्या परिचालन प्रणालीने चालू कामास एखादी घटना घडल्याची दिलेली संक्षिप्त सूचना. संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक कामास प्रक्रिया असे म्हणतात. परिचालन प्रणालीचा जो अंतर्भाग सर्व प्रक्रियांवर, स्मृतीवर व यंत्रसामग्रीवर अधिकार चालवितो, त्यास गाभा किंवा कर्नेल ही संज्ञा आहे. संकेत पाठविण्याची विनंती टर्मिनलपुढे बसलेला मनुष्य, दुसरी एखादी प्रक्रिया किंवा खुद्द यंत्रसामग्री करू शकते. तथापि तो पोहोचविण्याचे काम केवळ गाभाच करतो. संकेतात मजकूर नसतो. तो म्हणजे एक लहानसा क्रमांक असून त्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो. मराठीतील ‘संकेत’ या शब्दात खूण आणि पूर्वनियोजित ठराव हे दोन्ही अर्थ असल्यामुळे ‘सिग्नल’ या इंग्रजी संज्ञेला तो प्रतिशब्द म्हणून चपखल बसतो.

संकेत मिळालेल्या प्रक्रियेपुढे सामान्यत: तीन मार्ग असतात : त्याकडे दुर्लक्ष करणे, त्यासाठी आधीच नेमून दिलेला आज्ञासमूह (हस्तक) चालविणे किंवा गाभ्याने ठरविलेली मूळ कृती होऊ देणे. बहुतेक संकेतांची मूळ कृती प्रक्रियेचा शेवट करणे ही असते. प्रक्रियेला थांबविण्याचे साधन म्हणून जन्मलेली ही युक्ती पुढे निरोप देण्याचे साधन बनली. मारण्याच्या साधनात अचूकता नसली तरी चालते, परंतु निरोपाच्या साधनात ती अपरिहार्य असते. संकेतांचा पन्नास वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हा मुख्यत: या फरकाची भरपाई करण्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : संकेताचे मूळ यंत्रसामग्रीतील व्यत्ययात सापडते. आरंभीच्या संगणकांत छपाईयंत्र किंवा फितयंत्र यांचे काम पुरे झाले की नाही, हे मध्यवर्ती संस्कारकाला वारंवार तपासून पहावे लागे. त्यात यंत्राचा बहुमोल वेळ वाया जाई. यावर उपाय म्हणून बाह्य उपकरणानेच संस्कारकाला चालू काम क्षणभर थांबविण्यास भाग पाडावे, अशी योजना पुढे आली. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेचा डायसिॲक (१९५४) आणि युनिव्हॅक ११०३-ए (१९५६) हे या योजनेचा अवलंब करणारे आरंभीचे संगणक होत. व्यत्यय येताच संस्कारक चालू कामाची स्थिती जपून ठेवतो, उपकरणाची विचारपूस करतो आणि नंतर मूळ कामाकडे परततो. प्रक्रिया-संकेत ही याच कल्पनेची वरच्या पातळीवरील आवृत्ती होय. व्यत्यय यंत्राला अडवितो, तर संकेत प्रक्रियेला.

गठ्ठापद्धतीने कामे चालत असताना अशा सूचनेची निकड नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक किंवा १९६४ मध्ये तेथेच बसविण्यात आलेला सीडीसी ३६०० या यंत्रांच्या काळात आज्ञावली यंत्राच्या स्वाधीन करावयाची व निष्पत्तीची वाट पहावयाची, हीच सर्वत्र रीत होती. भरकटलेले काम बंद करणे हा यंत्रचालकाच्या अखत्यारीतील विषय होता. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले आणि परिस्थिती पालटली. एकाच यंत्रावर अनेक माणसे आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करू लागल्यावर, इतरांना धक्का न लावता केवळ आपलेच काम थांबविण्याची सोय प्रत्येकाला हवी होती.

युनिक्समधील उगम : बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स या परिचालन प्रणालीत या गरजेला आजचे रूप मिळाले. नोव्हेंबर १९७१ मधील पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात संकेत या नावाची एकसंध सोय आढळत नाही. टर्मिनलवरील खंडनाची कळ, कामातून बाहेर पडण्याची कळ, निषिद्ध यंत्राज्ञा अशा निरनिराळ्या प्रसंगांसाठी गाभ्याकडे निरनिराळ्या विनंत्या कराव्या लागत. गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेल्यानंतरच्या चौथ्या आवृत्तीत (१९७३) या सर्व घटनांना क्रमांक देऊन त्या एकाच विनंतीखाली आणण्यात आल्या. संकेत पाठविण्याच्या विनंतीचे नाव मात्र ‘किल’ असे राहिले, व ते आजही रूढ आहे. निरोप पाठविण्याच्या कृतीला ठार मारण्याचे नाव असणे हे तिच्या उगमाचेच चिन्ह होय.

सातव्या आवृत्तीत (१९७९) एकूण पंधरा संकेत होते. त्यांपैकी पहिला दूरध्वनी-तार तुटल्याचा, दुसरा खंडनाच्या कळीचा, अकरावा स्मृतीच्या निषिद्ध भागाला हात लावल्याचा, तेरावा वाचणारे कोणी नसलेल्या नलिकेत लिहिल्याचा, चौदावा ठरविलेली मुदत संपल्याचा, तर पंधरावा काम आवरते घेण्याच्या विनंतीचा होता. नववा संकेत या सर्वांहून वेगळा असून त्याकडे दुर्लक्ष करण्याची किंवा त्यासाठी हस्तक नेमण्याची मुभा कोणत्याही प्रक्रियेला नसते. बिघडलेल्या किंवा हटवादी प्रक्रियेपुढे व्यवस्थेला हतबल व्हावे लागू नये, हा या नियमाचा हेतू आहे. एका उपयोगकर्त्याने दुसऱ्याच्या प्रक्रियेस संकेत पाठवू नये, हेही बंधन गाभाच पाळून घेतो. या बंधनातून केवळ व्यवस्थापकास सूट असते.

गाभ्यातील कार्यपद्धती : संकेत पाठविणे आणि तो पोहोचणे या दोन भिन्न घटना आहेत, ही गोष्ट या विषयात मूलभूत आहे. संकेत पाठविला जातो तेव्हा गाभा संबंधित प्रक्रियेच्या नोंदीत केवळ एक खूण करून ठेवतो. त्या क्षणी ती प्रक्रिया चालूच असेल असे नाही. ती आपल्या पाळीची प्रतीक्षा करीत असेल किंवा एखाद्या घटनेची वाट पाहत निद्रिस्त असेल. प्रक्रिया गाभ्यातून बाहेर पडून स्वत:च्या आज्ञा पुन्हा चालवू लागण्याच्या बेतात असते, त्या उंबरठ्यावर गाभा तिची नोंद तपासतो व प्रलंबित संकेत असल्यास तो तिच्या हवाली करतो. गाभ्याच्या आत काम चालू असताना प्रक्रियेला मध्येच तोडले जात नाही, कारण तसे केल्यास गाभ्याच्या सामाईक नोंदी अर्धवट राहून सर्वच प्रक्रियांना धोका पोहोचेल.

हस्तक नेमलेला असल्यास गाभा प्रक्रियेची त्या क्षणाची स्थिती, म्हणजे संस्कारकातील सर्व रजिस्टरांतील मूल्ये, प्रक्रियेच्याच स्मृतीत मांडून ठेवतो आणि पुढील आज्ञेचा पत्ता बदलून हस्तकाचा पत्ता घालतो. हस्तकाचे काम संपले म्हणजे जपलेली स्थिती पुन्हा स्थापन होते आणि मूळ काम जेथे थांबले होते तेथून पुढे चालू होते. आपण मध्येच थांबलो होतो, याची मूळ आज्ञासमूहाला जाणीवही नसते.

निद्रिस्त प्रक्रियांच्या बाबतीत गाभा भेदभाव करतो. कळफलकावरील अक्षराची वाट पाहणारी प्रक्रिया कितीही काळ तशीच राहू शकते, म्हणून संकेत येताच तिला जागे केले जाते. तबकडीवरून माहिती येण्याची वाट पाहणारी प्रक्रिया मात्र थोड्याच वेळात आपोआप जागी होणार, असे गृहीत धरून तिची निद्रा मोडली जात नाही. तबकडी किंवा जाळ्यापलीकडील यंत्र बंद पडल्यास हे गृहीत कोसळते व नवव्या संकेतालाही दाद न देणारी प्रक्रिया मागे उरते. लिनक्स या प्रणालीत २००८ मध्ये, केवळ मारक संकेताने मोडणारी अशी निद्रेची एक मधली अवस्था समाविष्ट करून ही अडचण काही अंशी दूर करण्यात आली.

संकेतामुळे निद्रा मोडल्यावर प्रक्रियेने गाभ्याकडे केलेल्या अपुऱ्या विनंतीचे काय करावयाचे, हा प्रश्नही वादाचा ठरला. मॅसॅचूसेट्स येथील आयटीएस या प्रणालीत ती विनंती जणू केलीच नव्हती अशा स्थितीला प्रक्रिया मागे नेली जाई व हस्तकानंतर ती विनंती आपोआप पुन्हा होई. युनिक्सने सोपा मार्ग पत्करला. विनंती अपुरी राहिल्याचे प्रक्रियेला कळवावयाचे व पुन्हा प्रयत्न करण्याचा भार आज्ञावली लिहिणाऱ्यावर टाकावयाचा. रिचर्ड गेब्रिएल यांनी १९९० च्या सुमारास लिहिलेल्या एका निबंधात या दोन मार्गांची तुलना केली आहे. गाभ्याची रचना साधी राहिल्यामुळेच युनिक्सचा प्रसार अधिक झाला, असे त्यांनी या उदाहरणाच्या आधारे मांडले. त्या साधेपणाची किंमत मात्र आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी मोजली.

अविश्वसनीय संकेत : आरंभीच्या रचनेत संकेत हरवणे ही नित्याची बाब होती. सहाव्या आवृत्तीत (१९७५) प्रत्येक प्रक्रियेच्या नोंदीत प्रलंबित संकेतासाठी केवळ एकाच क्रमांकापुरती जागा होती. दुसरा संकेत आला की पहिला पुसला जाई. मारक संकेत तेवढा कशानेही पुसला जात नसे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी या आवृत्तीच्या गाभ्यावर लिहिलेले ओळवार भाष्य (१९७७) जगभर अभ्यासले गेले. सातव्या आवृत्तीत प्रत्येक संकेतासाठी एक स्वतंत्र बिट देण्यात आला, त्यामुळे भिन्न संकेत एकमेकांस पुसून टाकीनासे झाले. तथापि एकच संकेत लागोपाठ दहा वेळा आला तरी खूण एकच उरे.

याहून गंभीर दोष निराळा होता. हस्तकाकडे संकेत सोपविताना गाभा ती नेमणूकच रद्द करी. पुढील वेळेसाठी हस्तकाला स्वत:ची पुनर्नेमणूक करून घ्यावी लागे. या दोहोंमधील अत्यल्प अवधीत तोच संकेत पुन्हा आल्यास मूळ कृती घडे व प्रक्रिया मरे. संकेत आला किंवा नाही हे तपासून नंतर वाट पाहत बसणाऱ्या आज्ञावलीतही असाच दोष संभवे. तपासणी व निद्रा यांच्या मध्ये संकेत आला, तर येऊन गेलेल्या संकेताची वाट पाहत प्रक्रिया कायमची निजून राही. असे दोष हजारो वेळा दिसत नाहीत आणि एखाद्या दिवशी यंत्रावर ताण वाढताच प्रकट होतात, म्हणून ते शोधणे अतिशय कठीण जाते. एका कळीने काम थांबविण्यापुरती ही रचना पुरेशी होती. अखंड चालणाऱ्या सेवांसाठी ती अपुरी ठरली.

सुधारणा व प्रमाणीकरण : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तयार झालेल्या युनिक्समध्ये १९८० च्या सुमारास काम तात्पुरते स्थगित करणे व पुन्हा चालू करणे यांसाठी नवे संकेत आले. ही कल्पना ऑस्ट्रियातील एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जिम कल्प यांच्या कामातून आली होती. बर्कलीच्या १९८३ मधील ४.२ या आवृत्तीत संकेतांची फेरमांडणी झाली. हस्तकाची नेमणूक कायम राहू लागली. एका संकेताचे काम चालू असताना तोच संकेत पुन्हा आल्यास तो रोखून ठेवला जाऊ लागला. नाजूक कामाच्या वेळी निवडक संकेत रोखून ठेवण्याची आणि रोख उठवून निद्रिस्त होण्याची क्रिया अविभाज्यपणे करण्याची सोय झाली. एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह या शाखेनेही विश्वसनीय संकेत स्वीकारले, पण निराळ्या पद्धतीने. या दोन बोलींतील भेद मिटविण्याचे काम पॉझिक्स या प्रमाणाने (१९८८) केले. त्याच्या १९९३ मधील वास्तव-काल विस्ताराने संकेतांना रांग व सोबत नेण्यापुरते एक लहान मूल्यही दिले, म्हणजे दहा संकेत आल्यास दहाही मोजले जाऊ लागले.

मुंबईतील वापर : मुंबईत युनिक्सचा प्रसार १९८० नंतरच्या दशकात झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून उदयास आलेले व १९८५ मध्ये स्वायत्त झालेले जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्था या दोन उपनगरांतील संस्थांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. श्रीनिवासन रमणी हे या केंद्राचे संचालक होते. शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याच्या आरंभकाळात, १९८६-८७ च्या सुमारास, जुहू व पवई यांमधील संगणकीय टपाल साध्या दूरध्वनी-जोडणीवरून जाऊ लागले. त्यासाठी यूयूसीपी या युनिक्समधील आज्ञावलीसंचाचा उपयोग होत असे.

संकेताचे व्यावहारिक मोल या उदाहरणावरून स्पष्ट होते. यूयूसीपीची प्रक्रिया पलीकडील यंत्राच्या उत्तराची वाट पाहण्यापूर्वी गाभ्याकडे मुदतीचा गजर लावून ठेवते. तार खराब झाली व उत्तर आलेच नाही, तर मुदत संपताच चौदावा संकेत येऊन तिची निद्रा मोडतो व ती पुन्हा प्रयत्न करते किंवा जोडणी सोडून देते. जोडणीच तुटल्यास पहिला संकेत ती वार्ता देतो. दूरध्वनी-तारांचा भरवसा नसलेल्या शहरात टपाल अडकून न राहता पुढे सरकावयाचे, तर या दोन संकेतांवाचून गत्यंतर नव्हते.

परिचालन प्रणालींच्या अध्यापनातही या परिसराने भर घातली. पवईच्या संस्थेतील धनंजय धामधेरे यांची तसेच त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी व मराठी लेखक अच्युत गोडबोले यांची या विषयावरील इंग्रजी पाठ्यपुस्तके भारतातील विद्यार्थ्यांच्या दीर्घकाळ वापरात आहेत.

संकेत आणि हिशोब : याच दशकात बँकांच्या यांत्रिकीकरणास चालना मिळाली. बँक व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ मध्ये याविषयी करार झाला व रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये आपला अहवाल सादर केला. पुढे झालेल्या संगणकीकरणात युनिक्सला महत्त्वाचे स्थान मिळाले. मुंबईची उपनगरेही त्याच सुमारास विस्तारत होती. कांदिवलीजवळील चारकोप येथे जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेली मोठी वसाहत १९८५ नंतर उभी राहिली. अशा उपनगरातील शाखेचे टर्मिनल तारेने दूरच्या संगणकास जोडलेले आहे, अशी कल्पना केल्यास संकेताच्या अचूकतेशी सामान्य खातेदाराचा संबंध कसा येतो, ते समजून येईल. एका खात्यातून पाचशे रुपये वजा करून दुसऱ्यात जमा करणारी प्रक्रिया पहिली नोंद करून चुकली आणि दुसरी करण्यापूर्वी तार तुटली, तर मूळ कृतीनुसार पहिला संकेत त्या प्रक्रियेस मारील व पाचशे रुपये कोणत्याच खात्यात उरणार नाहीत.

असा संकेत दोन्ही नोंदी पुऱ्या होईपर्यंत रोखून धरणे हा यावरील पहिला उपाय होय. १९८३ पूर्वीच्या सातव्या आवृत्तीत तो निर्धोकपणे करता येत नव्हता. संकेताकडे पूर्ण दुर्लक्ष करणे तेवढे शक्य होते. बर्कलीच्या सुधारणांमुळे रोखलेला संकेत हरवत नाही, केवळ लांबणीवर पडतो. तथापि नववा संकेत रोखता येत नाही आणि वीजपुरवठा खंडित होताना कोणताही संकेत येत नाही. म्हणून अंतिम संरक्षण संकेतांत नसून नोंदींच्या शिस्तीत आहे. व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहावयाचा व मागाहून खतावणी करावयाची, ही पेढीवरील जुनी रीत माहितीसंग्रहांच्या प्रणालींनीही अवलंबिली आहे. प्रक्रिया मध्येच मेली, तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून अपुरा व्यवहार पुरा केला जातो किंवा मागे घेतला जातो.

अर्वाचीन स्थिती : लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सच्या गाभ्याने पॉझिक्सची संकेतपद्धती स्वीकारली. आज अँड्रॉइड दूरध्वनींतही लिनक्सचाच गाभा असून स्मृती अपुरी पडू लागली की पार्श्वभागातील प्रक्रियांना नवव्या संकेतानेच संपविले जाते. एका प्रक्रियेत अनेक सूत्रे एकाच वेळी चालू लागल्यावर संकेत नेमका कोणत्या सूत्राला द्यावा, हा नवा प्रश्न उद्‌भवला. १९९५ च्या पॉझिक्स विस्ताराने प्रत्येक सूत्राला स्वत:ची रोख-यादी दिली व समग्र प्रक्रियेस आलेला संकेत तो न रोखणाऱ्या कोणत्याही एका सूत्राला द्यावा, असे ठरविले.

एक मूलभूत धोका मात्र कायम आहे. संकेत कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकतो. त्यामुळे मुख्य काम स्मृतीचे वाटप करीत असतानाच हस्तकानेही तेच काम आरंभिले, तर स्मृतीच्या नोंदी विस्कटतात. हस्तकात कोणती कामे करणे सुरक्षित आहे याची यादी पॉझिक्सने दिली आहे. पण ती पाळली जातेच असे नाही. दूरस्थ संगणकात सुरक्षित प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या आज्ञावलीत २००६ मध्ये असा दोष आढळून तो दुरुस्त करण्यात आला. पुढे २०२० मधील एका बदलामुळे तो नकळत परत आला व जुलै २०२४ मध्ये उघडकीस आला. येथेही कारण मुदतीच्या गजराचा चौदावा संकेत हेच होते : ठरावीक वेळात प्रवेश न घेणाऱ्याला बाहेर काढताना त्याचा हस्तक असुरक्षित काम करीत होता. काही प्रकारच्या यंत्रांवर त्यामुळे परक्या व्यक्तीस व्यवस्थापकाचे अधिकार मिळणे शक्य होते.

प्रक्रियेला अवचित न अडविता, तिला सवडीने वाचता येतील अशा स्वरूपात संकेत देण्याची सोय लिनक्समध्ये २००७ मध्ये झाली. प्रक्रिया-क्रमांकांचा पुनर्वापर होत असल्यामुळे मृत प्रक्रियेसाठीचा संकेत त्याच क्रमांकाच्या नव्या प्रक्रियेला लागण्याचा संभव असे. तो टाळण्याचा मार्ग २०१९ मध्ये उपलब्ध झाला. या दोन्ही सुधारणांचा रोख सारखाच आहे : निरोप योग्य त्या प्रक्रियेला आणि ती ऐकण्याच्या स्थितीत असताना मिळावा.

संकेतांवर टीका पुष्कळ झाली असली, तरी त्यांची जागा दुसरे काही घेऊ शकलेले नाही. मजकुराची देवाणघेवाण करण्यासाठी नलिका, रांगा, सामाईक स्मृती अशी अधिक समर्थ साधने आहेत. परंतु ती सर्व प्रक्रियेच्या सहकार्यावर अवलंबून असतात. सहकार्य न करणाऱ्या प्रक्रियेपर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य संकेतातच आहे. म्हणून उत्तम आज्ञावलीत हस्तक शक्य तितका लहान ठेवला जातो : तो केवळ संकेत आल्याची खूण करतो व काय करावयाचे हे मुख्य काम आपल्या सोयीच्या ठिकाणी ठरविते. प्रक्रियेला संकेत देताना गाभा स्वत: जी रीत पाळतो, तीच ही रीत होय.